शनिवारचे शेवटचे दोन तास

सुदाम ओव्हाळ गेल्याचा फोन आमच्या घरी आला तो मला नाही, बायकोला. केला होता आमच्या मुलाने, निखिलने. सकाळचे सव्वासात वाजले असतील. मी गॅलरीत पेपर उघडून बसलो होतो, माझा मोबाइल माझ्या मांडीवरच होता, चांगला चार्ज केलेला. आत स्वयंपाकघरात माधुरीचा फोन वाजला आणि "अगंबाई... कधी?... तू कुठे आहेस आता?" असं ऐकू आलं, तेव्हाच मी ओळखलं की निखिल आहे आणि काहीतरी वाईट घडलंय. बाहेर येऊन ती म्हणाली, "अहो, ओव्हाळभाऊ गेले. शेतावर निघाले होते, छातीत कळ आली म्हणे. निखिल निघालाय लोणावळ्याहून." ज्या माणसाबरोबर मी एकवीस वर्षं एका कॉलेजात नोकरी केली, त्याच्या जाण्याची बातमी मला बायकोकडून कळावी! आणि लाज वाटते, पण सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा सुदाम आला नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की पोराने मला फोन का नाही केला.

तळेगावहून आंबी म्हणजे काही फार लांब नाही. तरी मी पोचलो तेव्हा निखिल माझ्याआधी पोचलेला होता आणि अंगणात खुर्च्या मांडत होता. डोळे सुजलेले. मला बघून जवळ आला, "आलात," एवढंच म्हणाला आणि परत खुर्च्यांकडे गेला. पुढे स्मशानात तो असा रडला, की शेजारच्या दोघांनी त्याला धरलं. मी चार हात लांब उभा होतो. आणि मी काय करत होतो, तर हिशेब. मी गेल्यावर हा इतका रडेल का? की पाहुण्यांना चहा दिला का, असं आईला विचारत फिरेल? मेलेल्या माणसाशी कुणी अशी बरोबरी करतं का? पण मी केली. सुदाम जिवंत असताना वर्षानुवर्षं केली, ती सवय एका सकाळीत कशी सुटणार?

ज्यांनी सुदामला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं व्यवसाय शिक्षणाचं ज्युनिअर कॉलेज, अकरावी-बारावीचं. तळेगावच्या अलीकडची-पलीकडची, आंबी, नवलाख उंबरे, तिकडच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं-मुली यायची. बहुतेक दहावीला घसरलेली, आणि 'आता काय कंपनीतच जायचंय' असं घरच्यांनी कपाळावर लिहून पाठवलेली. त्यांना वर्गात शिकवणारे आम्ही शिक्षक आणि वर्कशॉपमध्ये हातात कानस, पाना देऊन शिकवणारे ते निदेशक. सुदाम मेकॅनिकल मेंटेनन्सचा निदेशक. बुटका, सावळा, खिशात कायम एक मळकं फडकं. माझ्याकडे इंग्रजी, शिवाय वेळापत्रक आणि अख्ख्या कॉलेजचं अभ्यासक्रम नियोजन. म्हणजे कोणता घटक कुणी कोणत्या महिन्यात किती तासिकांत संपवायचा, ते मी ठरवायचो. अक्षर माझं सुरेख, त्यामुळे तक्ते माझ्याकडेच असायचे. मला सगळे 'करंदीकर सर' म्हणायचे आणि सुदामला पोरं म्हणायची 'भाऊ'. नुसतं भाऊ! हे मला खटकायचं. मी प्राचार्यांच्या मागे लागून एक सूचना काढायला लावली, की निदेशकांनाही 'सर' असंच संबोधावे. दोन दिवस पोरं त्याला 'भाऊसर' म्हणाली. तिसऱ्या दिवशी परत भाऊ.

स्टाफरूमच्या भिंतीवर मी अभ्यासक्रम पूर्ततेचा मोठा तक्ता लावत असे. डावीकडे सगळ्यांची नावं, वरती घटक. घटक संपला की चौकोन हिरवा, मागे पडला की लाल. या तक्त्याचा मला फार अभिमान होता. आणि या तक्त्यात सुदामच्या ओळीला दुसरा चौकोन कायम लाल. घटकाचं नाव 'हत्यारांची निगा व देखभाल'. सहा तासिकांचा फुटकळ घटक, जुलैतच उरकायचा. फेब्रुवारी उजाडला तरी याचा चालूच! रोज काय शिकवलं त्याची टाचण वही मागवून बघावी, तर दर शनिवारी एकच ओळ, 'घटक दोन, पुढे चालू.' बाकीचे घटक मात्र गडी वेळेच्या आत संपवायचा, म्हणजे आळशी म्हणावं तर तेही जमेना. एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं, "ओव्हाळ, अहो, सहा तासिकांचा घटक तुम्ही किती दिवस चालवणार?" तो मान खाली घालून हसला. म्हणाला, "सर, हत्यारं रोजच मळत्यात." स्टाफरूम हसली. मी त्या दिवशी लाल पेन्सिल जरा दाबूनच फिरवली.

शनिवारचे शेवटचे दोन तास म्हणजे त्याचा तो घटक दोन. वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोतं अंथरायचं, मधोमध सगळी हत्यारं ओतायची... कानशी, पाने, पकडी, छिन्न्या, हातोड्या. एका डब्यात थोडं डिझेल, जुन्या बनियनच्या चिंध्या, एकदोन तारेचे ब्रश. पोरंपोरी गोल करून बसायची आणि पुसायची. सुदामही त्यांच्यातच मांडी घालून बसायचा, खुर्ची नाही, टेबल नाही. बाहेरून जाताना मला नुसती कुजबुज ऐकू यायची. मध्येच हशा पिकायचा. मध्येच सगळं गप्प. एकदा तर एक मुलगी रडताना दिसली आणि बाकीचे तिच्याकडे न बघता आपापलं हत्यार पुसत होते. मला वाटलं, काय निर्दय कार्टी आहेत! मी दारात गेलो, तर रडणंही थांबलं आणि पुसणंही. सगळे उभे राहिले. "गुड मॉर्निंग सर." दुपारचा दीड वाजला होता.

निरीक्षणाला साहेब आले, की सुदामच्या त्या हत्यारांसमोर उभे राहायचे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, आणि त्या त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं, चकचकीत. "व्वा! व्वा!" करून फोटो काढायचे. माझ्या तक्त्याचा फोटो आजवर कुणी काढला नाही. एकदा एक साहेब तक्त्याजवळ थांबले, मला बरं वाटलं, तर त्यांनी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

पुढे वरून परिपत्रक आलं, की प्रत्येक विद्यालयात विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी समिती नेमावी आणि समुपदेशनाची तासिका ठेवावी. मी हात वर केला. सुदामचं शेड माझ्या डोक्यात होतंच. पुण्याला तीन दिवस प्रशिक्षण घेऊन आलो, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं. बुधवारी तिसरी तासिका, नाव दिलं 'मनमोकळा तास'. भिंतीवर सूर्यफुलांची चित्रं, खुर्च्या गोलात, आणि एक निळी पेटी. मनातलं लिहून पेटीत टाका. पहिल्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मुलांनो, आज मी तुमचा सर नाही. मित्र आहे. मन मोकळं करा!" चाळीस तोंडं माझ्याकडे बघत राहिली. अखेर एका पोराने हात वर केला, मला भरून आलं. तो म्हणाला, "सर, हे परीक्षेला आहे का?"

महिनाअखेर पेटी उघडली. चॉकलेटचे कागद, मुतारीला कडी लावा अशी एक मागणी, पंखा आवाज करतो अशा तीन तक्रारी. आणि एक चिठ्ठी, 'भाऊंचा तास वाढवा.' ती मी फाडून टाकली. तुकडे खिशात घालून घरी नेले आणि घरच्या कचऱ्यात टाकले, कॉलेजच्या नाही. हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याच सुमारास निखिल आमच्या कॉलेजात आला. दहावीत जेमतेम पास झाला होता. शिक्षकाचा मुलगा व्होकेशनलला! तळेगावात मला लोक अडवून विचारायचे, "काय सर, निखिल कुठे?" मी विषय बदलायचो. माधुरी म्हणाली, तुमच्या डोळ्यासमोर तरी राहील. डोळ्यासमोर राहिला, पण बोलेना. घरी माझ्याशी त्याचं संभाषण म्हणजे 'हं'. जेवलास का, हं. अभ्यास झाला का, हं. कधीकधी तेवढंही नाही, नुसती मान. मी स्वतः समुपदेशन समितीचा प्रमुख, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ही तऱ्हा.

आणि तो बारावीत असताना एका शनिवारी मी शेडवरून जात होतो, तर आतून निखिलचं हसणं ऐकू आलं. खो-खो हसणं. सातवी-आठवीनंतर मी ते ऐकलंच नव्हतं. माझे पाय थांबले. दारात गेलो तर थांबेल, म्हणून मी शेडच्या मागे गेलो, घाणेरीच्या झुडपात, आणि पत्र्याला कान लावून उभा राहिलो. त्रेपन्न वर्षांचा माणूस! शर्टाला काटे अडकले, डास चावले, आणि शब्द एक कळला नाही. फक्त त्याचा आवाज. बोलत होता, भराभर बोलत होता, आणि कुणीतरी, बहुतेक सुदाम, मधून मधून "व्हय... मग?... बरं" असं म्हणत होता. माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! माझं पोर, माझ्या घरात मुकं, आणि इथे डिझेलच्या डब्याशेजारी बसून याला सगळं सांगतंय. काय सांगतंय? माझ्याबद्दलच असणार. दुसरं काय असणार?

मला जे करता येत होतं ते मी केलं. वेळापत्रक माझ्या हातात होतं. दिवाळीनंतरच्या सत्राचं नियोजन लावताना मी सुदामचा घटक दोन 'पूर्ण' दाखवला. माझ्या हाताने तो चौकोन हिरवा केला. शनिवारचे शेवटचे दोन तास त्याच्याकडून काढून 'मनमोकळा तास' म्हणून स्वतःच्या नावावर लावले. कारण लिहिलं, 'अभ्यासक्रमातील अनुशेष टाळण्यासाठी.' प्राचार्यांनी न वाचता सही केली. माझं अक्षर सुरेख असल्याचा हा एक फायदा होता. सुदाम तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी वहीत डोकं घालून बसलो होतो.

"हिरवं केलंत व्हय, सर."

"हो. नियमाप्रमाणे."

"तुमी म्हनाल तसं." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "फकस्त येक सांगू का? शनवारी पोरं तुमच्याकडं बसतील, तवा त्यांच्या हातात कायतरी द्या."

मला तो टोमणा वाटला. मी पोरांच्या हातात छापील प्रश्नावली दिली. तिसऱ्या शनिवारपासून निम्मी पोरं मधल्या सुट्टीतच घरी पळायला लागली. निखिलला पळता येत नव्हतं, तो शेवटच्या बाकावर बसून प्रश्नावली भरायचा. 'तुम्हाला घरात मोकळेपणाने बोलता येते का?' त्याने लिहिलं होतं, 'लागू नाही.' पुढच्या सगळ्या प्रश्नांना तेच. लागू नाही, लागू नाही, लागू नाही. कागद मी फाइलला लावला आणि अहवालात 'प्रतिसाद समाधानकारक' असं लिहिलं.

मग निखिल रविवारी सायकल काढून जायला लागला. कुठे, तर प्रॅक्टिकलची तयारी. दोन रविवार मी विश्वास ठेवला. तिसऱ्या रविवारी माधुरीने सांगितलं, की तो आंबीला ओव्हाळभाऊंकडे जातो, तिला माहीत होतं, फक्त मला नव्हतं! मी तशीच स्कूटर काढली. सुदामचं घर गावाच्या टोकाला, अंगणात त्याने शेतावरची मोटर खोलून ठेवलेली. तो आणि निखिल दोघं उकिडवे बसलेले, माना खाली, हात काळे. निखिल काहीतरी सांगत होता. हळू आवाजात, अडखळत. स्कूटरचा आवाज ऐकून त्याने वर बघितलं आणि तोंड मिटलं. सुदामची बायको बाहेर आली. "या सर, बसा की. च्या ठेवते."

"नको. निखिल, चल. उद्या इंग्रजीची चाचणी आहे." चाचणी वगैरे काही नव्हती. मीच इंग्रजी शिकवायचो, त्यालाही ठाऊक होतं.

सुदाम म्हणाला, "सर, अर्धा घंटा बसा. आमचं हुतंच आलंय."

आणि मी म्हणालो, "ओव्हाळ, पोरगा माझा आहे."

त्याच्या बायकोसमोर, त्याच्या अंगणात उभं राहून मी हे बोललो. सुदाम उठला. खिशातलं फडकं काढून बोटं पुसली, एकेक करून. "व्हय सर. तुमचाच हाय." मग निखिलला म्हणाला, "जा बाळा. सर आल्यात न्यायला." तळेगावपर्यंत निखिल माझ्या मागे सायकल दामटत आला. घरी पोचल्यावर मी म्हटलं, हात धू. तो म्हणाला, हं. त्यानंतर तो आंबीला गेला नाही. माझ्याशी बोलायलाही लागला नाही.

वर्षं गेली. निखिल बारावी झाला, कंपनीत ॲप्रेंटिसशिप केली, आणि आता लोणावळ्याला तुंगार्लीत एका रिसॉर्टवर मेंटेनन्स सांभाळतो. राहायलाही तिथेच. सुदामने त्या रविवारचा विषय कधी काढला नाही. माझी पेनं नेऊन परत न करणं, फॉर्म चुकीचे भरणं, मीटिंगला डुलक्या काढणं, सगळं पूर्वीसारखंच चालू होतं, आणि मीही त्याच्यावर पूर्वीसारखाच डाफरायचो. त्याच्या निवृत्तीला मी भाषण केलं. वक्तशीरपणावर बोललो. तो वक्तशीर नव्हता. पोरांनी असा गलका केला, की मला दोनदा थांबावं लागलं. वर्षभराने मी निवृत्त झालो, तेव्हा सभागृहात इतकी शांतता होती, की पंख्याचा आवाज येत होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी परत आंबीला गेलो. बुद्धवंदना झाली, फोटोपुढे फुलं वाहिली, चारदोन जण बोलले. माझी पाळी आली तर तब्येतीचं कारण सांगून मी बसून राहिलो. अंगण जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर सुदामचा मुलगा मिलिंद मला बाजूला घेऊन गेला. हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये आहे, चांगला हुद्दा. मी त्याला आजवर दोनदाच भेटलो असेन. म्हणाला, "सर, तुम्ही एकवीस वर्षं त्यांच्याबरोबर होतात. माझे वडील कॉलेजात कसे होते?"

मी सुरू केलं, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय... त्याने मला मध्येच थांबवलं.

"ते नको, सर. ते सगळे बोलले. इथे ही एवढी पोरं आलीयत, मला त्यातलं एक ओळखता येत नाही. आणि ती मला माझ्या बापाबद्दल सांगतायत. तुमच्या निखिलला माझ्या आईचं ऑपरेशन कधी झालं ते माहीत आहे. मला ते झाल्यावर आठवड्याने कळलं होतं." त्याने अंगणातल्या पोरांकडे हात केला. "शनिवारी ते पोरांशी बोलायचे म्हणे. आमच्याशी नाही बोलले कधी. राग येतो हो, सर. या पोरांचा हेवा वाटतो मला. बाप गेलाय आणि मी हेवा करतोय."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या शेडबाहेर उभा राहून झुरणारा मी एकटाच आहे! मी मात्र नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "तुम्ही पेपरात लिहिता ना अधूनमधून? त्यांच्यावर लिहा. तिथे काय चालायचं, ते मला एकदा कळू दे." मी हो म्हणून बसलो. परतीच्या वाटेवर लक्षात आलं, की मला यातलं काहीच माहीत नाही. मी फक्त पत्र्याला कान लावला होता. विचारायचं झालं तर एकाच माणसाला विचारता येणार होतं, आणि तो मला फोनसुद्धा करत नव्हता.

पुढच्या शनिवारी दुपारी मी लोणावळ्याला गेलो. तुंगार्लीतल्या त्या रिसॉर्टमध्ये पुढे पर्यटकांच्या गाड्या, पोहण्याच्या तलावावर आरडाओरडा, आणि मागे जनरेटरशेजारी निखिलची खोली. पोतं अंथरून तो एकटाच हत्यारं पुसत बसला होता. मला बघून घाबरला. "बाबा? आई बरी आहे ना?" मी कारणाशिवाय कधी आलोच नव्हतो, त्याचा तरी काय दोष.

मी पलंगावर टेकलो आणि मिलिंद काय म्हणाला ते सांगितलं. निखिल पाना पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ आधी स्वतःचं सांगायचे."

"म्हणजे?"

"मिलिंददादाला त्यांनी एकदा पाहुण्यांदेखत मारलं होतं. इंजिनिअरिंग सोडतो म्हणाला म्हणून. तेव्हापासून दादा हॉस्टेलवरून घरी कामापुरताच फोन करायचा. मग भाऊ दर शनिवारी बसले, की पहिल्यांदा तेच सांगायचे. 'आज बी फोन न्हाई आला. माझीच चूक हाय, पन कसं बोलावं ते कळंना.' आम्हीच त्यांना सांगायचो, भाऊ असं करा, भाऊ तसं बोला. एवढा मोठा माणूस आमच्यासमोर असं सांगतो म्हटल्यावर आम्हाला आमचं सांगायला कसली लाज?"

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी मी केलं नसतं. पोरांसमोर आपली चूक सांगायची? मी? इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "आणि तू काय सांगायचास? माझ्याबद्दल?"

"कॉलेजात? काहीच नाही." त्याने वर बघितलं नाही. "तुम्ही तिथले सर होतात. पोरांसमोर तुमचं काय सांगणार? ती तुमच्या नकला करायची, तेव्हा मी गप्प बसायचो. भाऊच त्यांना थांबवायचे."

"मी सुदामवर जळायचो रे," मी म्हणालो. ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"माहीत आहे. भाऊंनाही माहीत होतं."

"आणि त्या रविवारी? आंबीला? तू काहीतरी सांगत होतास."

"हो. कॉलेजात सांगता येत नव्हतं म्हणूनच तिकडे जायचो. त्या दिवशी कशीबशी सुरुवात केली होती... तुम्ही आलात."

"काय सांगत होतास?"

त्याने पाना उलटासुलटा करून पाहिला. बाहेर तलावावर कुणीतरी धपकन उडी मारली, बायका किंचाळल्या.

"आता आठवत नाही, बाबा."

घरी येऊन मी मिलिंदला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दर शनिवारी?" मी म्हटलं, हो, दर शनिवारी. "अजून काय म्हणायचे?" मी म्हटलं, मला एवढंच ठाऊक आहे, बाकी निखिलला विचार, आणि त्याला नंबर दिला. देताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या शनिवारी मी निखिलला फोन केला, सहजच, म्हणजे सहज नाही, सकाळपासून घड्याळ बघत होतो. तो म्हणाला, "बाबा, नंतर करतो हं. मिलिंददादा आलाय." मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि दोघंही हसले. झालं! बाप गेला तर आता मुलगा! पुढच्या शनिवारीही तेच. हिंजवडीहून गाडी काढून हा तुंगार्लीला येतो आणि माझ्या मुलाशेजारी बसून पाने पुसतो. आठवडाभर मी घरात धुसफुसत राहिलो. माधुरी म्हणाली, "अहो, मग तुम्ही पण जा की. कुणी अडवलंय?" कुणीच अडवलं नव्हतं. मी फोन लावला आणि, या वयात, स्वतःच्या मुलाला विचारलं, "मी येऊ का रे शनिवारी?"

तो म्हणाला, "या ना. पण बाबा, आल्यावर काही विचारू नका."

गेलो. तिघं पोत्यावर बसलो. माझे गुडघे वाकेनात, निखिलने उशी दिली. माझ्या हातात एक गंजका पाइप पाना आला. मिलिंद त्याच्या आईबद्दल बोलत होता, ती आंबी सोडून त्याच्याकडे यायला तयार नाही, म्हणते हितंच बरं हाय. निखिल "हं... मग?" असं म्हणत होता. मी तोंड मिटून बसलो होतो. आयुष्यात मला इतकं अवघड काही गेलं नसेल. सल्ले ओठांवर येत होते, पाच-सहा तरी, ते मी गिळले. मिलिंदचं बोलून झालं, तेव्हा मी हातातल्या पान्याकडे बघत त्या चिठ्ठीचं सांगून टाकलं. भाऊंचा तास वाढवा, ही चिठ्ठी मी कशी फाडली आणि तुकडे घरी नेऊन कसे टाकले. कुणी हसलं नाही. ब्रशचा आवाज तेवढा चालू राहिला. मग निखिल म्हणाला, "बाबा, मी बारावीत असताना..."

मी वर बघितलं नाही. तो बोलत राहिला, मी पुसत राहिलो. काय म्हणाला ते मी इथे लिहिणार नाही. सुदामनेही ते कुणाला सांगितलं नसतं.